पालथे घातलेले बैल : एका निर्वासित सुताराच्या आयुष्याची नोंद

माझे आजोबा, म्हणजे आईचे वडील, नोव्हेंबर २०२१ मध्ये गेले. आम्ही सातही नातवंडं त्यांना दादू म्हणायचो. गडचिरोली जिल्ह्यातल्या चामोर्शी तालुक्यात पूर्व बंगालातून आलेल्या निर्वासितांची एक वस्ती आहे. तिथे त्यांनी पन्नासहून जास्त वर्षं सुतारकाम केलं. श्राद्धाच्या दिवशी मांडायला मामांनी फोटो मोठा करायला दिला. फ्रेमवाल्याने विचारलं, खाली जन्मसाल काय टाकू? घरात कुणालाच सांगता येईना.

आधार कार्डावर १ जानेवारी १९४५ होतं. शिधापत्रिकेवरच्या वयावरून हिशेब केला तर १९४१ निघत होतं. आईच्या डोक्यात १९३६ बसलं होतं, का ते तिलाही माहीत नव्हतं. शेवटी दीदा, आमची आजी, म्हणाली, "पंचाशेर मन्वंतरात त्याला कळत होतं. दारात भाताची पेज मागायला आलेली माणसं त्याला आठवायची." हा मन्वंतर म्हणजे बंगाली सन १३५० चा दुष्काळ, आपल्याकडचं १९४३. पाचेक वर्षांचं पोर एवढं लक्षात ठेवतं, म्हणून आम्ही १९३८ धरलं आणि फोटोखाली 'सुमारे' हा शब्द घातला. फ्रेमवाल्याने असा शब्द याआधी कधी छापला नव्हता.

त्या 'सुमारे'ने मला झोप लागू दिली नाही. मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते. वडील मराठी, आई बंगाली आणि घरातलं बोलणं मराठी. ज्या माणसाच्या मांडीवर मी वाढले, त्याच्याबद्दल एक सालसुद्धा मला नक्की सांगता येत नव्हतं. पुढचं दीड वर्ष मी आणि मामेभावंडांनी दादूंच्या आयुष्याची नोंद करण्यात घालवलं. ती कशी केली, कुठे चुकलो आणि काय हाती लागलं, ते इथे सविस्तर लिहिते आहे. विदर्भात अशी घरं पुष्कळ आहेत, जिथे आजा कुठून तरी आला आणि कागदाविना गेला.

दादू इथे कसे आले

गाव पूर्व बंगालातल्या, म्हणजे आजच्या बांगलादेशातल्या खुलना जिल्ह्यातलं, रूपसा नदीच्या अंगाचं. वडील नावा बांधायचे. सुंदरबनातलं सुंदरी लाकूड जड आणि चिवट असतं, त्यावर दादूंचा हात बसला. डिसेंबर १९६३ च्या अखेरीस श्रीनगरच्या हजरतबल दर्ग्यातून पवित्र अवशेष नाहीसा झाला. त्याचा भडका जानेवारी १९६४ मध्ये पार खुलन्यात उडाला. दंगली झाल्या. दादू, दीदा आणि दादूंची आई सीमा ओलांडून निघाली. रायपूरजवळच्या माना छावणीत तंबूत दिवस काढले आणि तिथून ट्रकने तेव्हाच्या चंद्रपूर जिल्ह्यात आणून सोडलं. गडचिरोली हा वेगळा जिल्हा २६ ऑगस्ट १९८२ ला झाला, त्याआधीची ही गोष्ट. त्यांच्या वाट्याला जंगल तोडून काढलेली पाच एकर जमीन आली. माझी आई १९६७ साली इथेच जन्मली.

सोबत गोणपाटात गुंडाळलेली हत्यारं होती : एक वाकस, एक करवत, दोन पटाश्या. भाषा येत नव्हती, पण हत्यारांनी वाट काढून दिली. बंगालीत करवतीला 'करात' म्हणतात, पटाशीला 'बाटाली', रंध्याला 'र‍्यांदा'. इंचाचा आठवा भाग म्हणजे सूत, हे तिथल्या मिस्त्रीला आणि इथल्या वाढयाला, म्हणजे गावच्या सुताराला, सारखंच ठाऊक. दादूंची मराठी लाकडापासून सुरू झाली आणि माणसांपर्यंत हळूहळू पोचली. बंगालीत शब्दाला लिंग नसतं, त्यामुळे ते शेवटपर्यंत "दरवाजा झाली", "बैल आली" असंच म्हणायचे. लहानपणी आम्ही त्यांना दुरुस्त करायचो. आता कुणी बरोबर बोललं की मला ते अपुरं वाटतं.

सागाला बंगालीत 'शेगुन' म्हणतात. खुलन्यात शेगुन म्हणजे ब्रह्मदेशातून आलेलं, मोठ्या घरांच्या दाराखिडक्यांना लागणारं लाकूड. इथे ट्रकमधून उतरले तर चहूकडे शेगुनच उभा. आणि त्याला हात लावायचा नाही, जंगल सरकारचं आहे, हेही त्याच दिवशी कळलं. ज्या माणसाने सगळं कागदाविना गमावलं होतं, त्याने इथे एक नेम केला : पावती असलेलंच लाकूड कापायचं. वनविभागाच्या डेपोतल्या लिलावाची, वखारीतल्या खरेदीची प्रत्येक पावती ते पत्र्याच्या पेटीत ठेवत. तिथे जन्माचा एक कागद सापडला नाही. पण १९७१ पासूनच्या पावत्या गठ्ठ्याने, सुतळीने बांधलेल्या मिळाल्या. त्यांचा उपयोग पुढे येईल.

पहिल्या खेपेला काय चुकलं

२०१७ मध्ये मी मोबाइलवर दादूंना बोलतं केलं होतं. माझ्याकडे त्या बोलण्याची चाळीस मिनिटं होती. श्राद्धानंतर ती ऐकली आणि मान खाली गेली. मी सारखं विचारत होते : दंगलीत काय पाहिलं, सीमा कशी ओलांडली, छावणीत कोण गेलं. ते एखाद्या वाक्यात उत्तर द्यायचे आणि लाकडावर यायचे. नावेच्या फळ्या एकमेकींना कशा शिवायच्या, ओलं लाकूड वाळताना कुठल्या बाजूला वळतं, हे सांगताना आवाज मोकळा व्हायचा. आणि दर वेळी तिथेच मी रेकॉर्डिंग थांबवलेलं होतं. मला वाटायचं, हे विषयाला धरून नाही. त्यांचं दुःख मिळवायला गेले होते. त्यांना जे द्यायचं होतं ते घेतलंच नाही.

दुसरी चूक गावात फिरताना झाली. वही घेऊन घरोघरी गेले आणि विचारलं, दादूंबद्दल सांगा. सगळीकडे एकच उत्तर : "चांगला माणूस होता बापा, कोनाच्या अध्यात ना मध्यात." वीस घरं फिरून वहीत वीस वेळा तेच. लोकांना आठवत नव्हतं असं मुळीच नाही, माझा प्रश्नच फार मोठा होता. एवढ्या मोठ्या प्रश्नाला कुणीही हात जोडूनच उत्तर देणार.

"हे दार कधी बसवलं?"

वाट दाखवली ती एका म्हातारीने. तिच्या ओसरीवर बसले होते, पाठ दाराला टेकली होती. ती म्हणाली, "ज्याले टेकलीस ना, थे तुह्या आजानंच केलं." मी सहज विचारलं, कधी? मग अर्धा तास ती बोलत होती. मोठ्या पोराच्या लग्नाआधी दार हवं होतं, धान कमी पिकलं होतं, दादूंनी निम्मे पैसे पुढच्या सुगीवर सोडले. सागाऐवजी ऐनाचं करू म्हणाले, पण ऐन तडकतो म्हणून सहा महिने फळ्या तिच्याच गोठ्याच्या आढ्याला टांगून वाळवल्या. लग्न झालं तेव्हा घराला दार नव्हतं, पडदा होता. दार नंतर आलं. त्या दाराला आजही फट नाही, मी बोट फिरवून पाहिलं.

तेव्हापासून माणसाबद्दल विचारणं सोडलं आणि वस्तूबद्दल विचारू लागले. ही खाट कुणासाठी केली? लाकूड कुठलं? पैसे दिले की धान? वहीत रकाने आखले : वस्तू, घर, लाकूड, अंदाजे साल, मोबदला, आठवण. लोक साल सांगत ते लग्नावरून, पुरावरून, बैल मेला त्यावरून. मग पेटीतल्या पावत्या काढायच्या. कुणी म्हणालं, माझ्या पोरीच्या बारशाचा पाळणा बिजाच्या लाकडाचा, की त्या एक-दोन वर्षांत बिजा घेतल्याची पावती आहे का ते पाहायचं. दहातल्या सहा-सात वेळा मिळायची. कागदाला भिऊन जपलेल्या पावत्यांनी शेवटी त्यांच्या कामाचं वर्षावर्षाचं टिपण हाती दिलं.

होड्यांनी सगळ्यात जास्त वेळ खाल्ला, आणि मी तो आनंदाने दिला. रेगडीच्या दिना जलाशयावर मासेमारी करणाऱ्यांसाठी दादूंनी चार होड्या बांधल्या. नदीकाठी वाढलेल्या माणसाच्या हाताला विदर्भात पुन्हा पाणी लागलं, ते या कामात. खुलन्यात नावेला गाबाच्या कच्च्या फळांचा रस चोपडतात. तो तुरट आणि चिकट असतो, त्याने लाकूड कुजत नाही. इथे गाब कुठला? त्यांनी टेंभुर्णीचं कच्चं फळ चाखलं आणि चव ओळखीची वाटली. त्यांचा तर्क खरा होता. गाब आणि ज्याची पानं विडीला जातात ती टेंभुर्णी एकाच कुळातली झाडं आहेत. एक उन्हाळाभर टेंभरं कुटून रस काढला आणि पहिल्या होडीला चोपडला. पावसाळ्यात होडी गळली. दुसरीला त्यांनी गुपचूप डांबर लावलं. एका जुन्या मासेमाऱ्याने हे सांगितलं तेव्हा मला हसू आलं आणि लगेच डोळे भरले. नव्या मुलखात जुन्या झाडाचा भाऊ शोधणारा माणूस डोळ्यांसमोर उभा राहिला.

दोन सुतारांचा करार

नातवंडांसाठी दादू काय होते, हे विदर्भाबाहेरच्या वाचकाला सांगायचं तर आधी तान्हा पोळा सांगावा लागेल. श्रावण अमावास्येला बैलांचा पोळा होतो. दुसऱ्या दिवशी, भाद्रपद प्रतिपदेला, आमच्याकडे पोरांचा पोळा भरतो. चाकं लावलेले लाकडी बैल सजवून, दोरीने ओढत मुलं घरोघर जातात आणि बोजारा मागतात. बोजारा म्हणजे हातावर ठेवलेले पैसे, खाऊ. नागपूरच्या भोसल्यांनी ही प्रथा सुरू केली असं सांगतात.

बंगालात असलं काही नव्हतं. आई पाच वर्षांची असताना शेजारच्या मराठी गावात तान्हा पोळा बघायला गेली आणि रिकाम्या हाताने रांगेत उभी राहिली. एका बाईने तिलाही बोजारा दिला, पण बाकीची पोरं म्हणाली, इचा बैल कुठी आहे? ती रडत घरी आली. हा भाग घरात सगळ्यांना माहीत होता. पुढचा भाग मला त्या गावच्या वाढयाच्या मुलाकडून कळला. आज ते काका सत्तरीचे आहेत.

गावातल्या वाढयाला नांगर, वखर, बंडीच्या (बैलगाडीच्या) कामाचं वर्षाकाठी धान मिळायचं, घरं ठरलेली असायची. निर्वासितांत एक मिस्त्री आलाय म्हटल्यावर त्यांच्या वडिलांना धास्ती होती. पोळ्याला बैल विकून त्यांना चार पैसे मिळत, तेही जातील असं वाटलं. आणि नेमके दादू त्यांच्याच दारात आले. काका सांगत होते, "तुह्या आजानं माह्या बापाले इचारलं, एका रातीसाठी बैल देता का म्हणे, माप घेतो. बाप म्हणे, ने, पण तू बैल इकाचा नाही." दादूंनी हो म्हटलं. बैल रात्रभर नेला, सकाळी आणून दिला, सोबत दीदाने केलेले नारळाचे लाडू. पुढे दोघांनी कामंही वाटून घेतली : नांगर-बंडी वाढयाची, दारं, खाटा आणि होड्या दादूंच्या. काकांच्या स्वतःच्या घराची चौकट दादूंनी केली आहे, आणि दादूंच्या शेतातला वखर काकांच्या वडिलांनी.

हे ऐकेपर्यंत आम्ही सगळे वेगळीच गोष्ट सांगत होतो. दादूंनी आयुष्यात एकही बैल विकला नाही, फक्त घरच्या पोरांना केले, कारण माया. माया होतीच. पण ती एका दिलेल्या शब्दात गुंडाळलेली होती. त्यांनी तो शब्द पन्नास वर्षं पाळला, वाढई गेल्यावरही, आणि आम्हाला कधी बोलून दाखवला नाही. या दीड वर्षात मला मिळालेली सगळ्यात मोलाची नोंद हीच आहे असं मी मानते.

पालथे बैल

सात नातवंडांचे मिळून तेवीस बैल सापडले. माळ्यावर, कोंबड्यांच्या खुराड्यामागे, एक तर नागपुरात मावसबहिणीच्या टीव्हीखाली. अंग शिवणीचं, कारण ते हलकं आणि पटाशीला मऊ. चाकं बाभळीची. मी पहिला बैल साबणाच्या पाण्याने स्वच्छ धुतला. दुसरा धुवायला पालथा केला तेव्हा पोटाखाली पेन्सिलीची अक्षरं दिसली, बंगाली. पहिल्यावरची माझ्या हातून पुसली गेली होती. त्या बैलापुढचा सालाचा रकाना वहीत रिकामा आहे, आणि तो माझ्यामुळे.

आईला बंगाली वाचता येतं, वस्तीतल्या शाळेत ती बंगालीतच शिकली. तिने बैल हातात घेतला, चष्मा वर केला आणि वाचून दाखवलं : माझं नाव, १४०१, दोन हात चार आंगुल. बंगाली सनात पोळ्याच्या महिन्यात ५९३ मिळवले की आपलं साल येतं, म्हणजे १९९४. मी तेव्हा चार वर्षांची होते. पण दोन हात चार आंगुल कशाचं? बैल तर वीतभर उंच. हात म्हणजे अठरा इंच, आंगुल पाऊण इंच, एकूण एकोणचाळीस इंच. ती माझी उंची होती.

उन्हाळ्याच्या सुट्टीत गेलो की दादू आम्हाला चौकटीशी उभं करून डोक्यावर काठी धरायचे. आम्हाला तो खेळ वाटायचा. त्या मापावरून ते बैल करायचे. बैलाची पाठ मुलाच्या गुडघ्याला आली पाहिजे, म्हणजे ओढताना वाकावं लागत नाही आणि बैल पायात येत नाही. दोन-तीन वर्षांनी मूल वाढलं की नवा बैल. मी शाळेत दर वर्षी मुलांची उंची-वजनं नोंदवते. माझ्या स्वतःच्या लहानपणाची एकमेव नोंद बैलाच्या पोटाखाली निघाली.

मग गावातल्या इतर वस्तूंनाही खालून पाहायला लागलो. पाटाखाली, पेटीच्या तळाशी, खाटेच्या आतल्या अंगाला सगळीकडे घरधन्याचं नाव आणि साल. बंगाली अक्षरं मी आईकडून शिकले. आधी अंक, मग नावं.

शेवटच्या चार बैलांवरून मात्र भावंडांत कुजबूज होती. १४२०, १४२२, १४२४ आणि १४२५, म्हणजे २०१३ ते २०१८ चे. त्याआधीच्या बैलांचे पाय कुसू, म्हणजे खाचेत बसणारी लाकडाची जीभ, काढून बसवलेले आणि लाकडी खुंटीने अडकवलेले होते, लोखंडाचा एक कण नाही. या चौघांना खिळे मारलेले होते, तेही वाकडे. धाकट्या मामेभावाला ते बैल मिळाले होते. तो म्हणाला, माझ्या वाटणीला उरकलेलं काम आलं. मीही मान हलवली होती. दादू थकले, मन लागेना, असं आम्ही ठरवून टाकलं होतं.

बैल ओळीने पालथे घालून पाहताना एक गोष्ट नजरेत आली. प्रत्येक खिळ्याच्या शेजारी पेन्सिलीचा ठिपका होता. ठिपका अगदी बरोबर जागी, पायाच्या मधोमध. आणि खिळा दर वेळी त्याच्या उजवीकडे, सूतभर. सोळा पाय, सोळा ठिपके, सोळा खिळे, सगळे एकाच बाजूला चुकलेले. दीदा खाटेवर बसून पाहत होती. म्हणाली, "ते मी मारले."

दादूंचा हात कापायला लागला होता. मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं तरी बारीक दिसत नव्हतं. कुसू काढणं शक्य नव्हतं, तर खिळा मारू म्हणाले, पण हातोडी बोटावर यायची. मग ते अंदाजाने, बोटाने चाचपून ठिपका द्यायचे आणि दीदा हातोडी घ्यायची. रात्री, पोरं झोपल्यावर. साठ वर्षांच्या संसारात तिने त्याआधी हातोडी धरली नव्हती. "मी एकदा म्हटलं, बाजारातून आणू या, प्लास्टिकचे मिळतात. तर दोन दिवस बोलला नाही."

मामेभाऊ काही न बोलता उठला आणि त्याचे चारही बैल घेऊन गेला. ते आता त्याच्या देवघरात आहेत. वहीत त्या चार नोंदींपुढे 'कोणी केलं' या रकान्यात दोन नावं लिहिली आहेत.

आत्तापर्यंतची वही

एकूण एकसष्ट नोंदी झाल्या. बैल तेवीस, दारं आणि चौकटी चौदा, खाटा नऊ, पाळणे पाच, होड्या चार, त्यांतली आज एकच पाण्यात. बाकी पाट, पेट्या, शाळेतला एक बाक, आणि दुर्गापूजेच्या मूर्तीचा लाकडी सांगाडा. बंगालीत त्याला काठामो म्हणतात. मूर्ती विसर्जित झाल्यावर तो पाण्यातून बाहेर काढतात आणि पुढच्या वर्षी त्यावरच नवी माती चढते. त्यावर साल नाही, नावही नाही, पण सांधे दादूंचेच आहेत, हे वाढईकाकांनी हात लावून सांगितलं.

वहीच्या तीन प्रती काढल्या आहेत. एक मामांकडे, एक माझ्याकडे, एक काकांच्या घरी. काकांनी ती मागून घेतली. त्यांच्या वडिलांच्या कामाची अशीच वही त्यांच्या नातीने सुरू केली आहे.

गेल्या आठवड्यात घोटच्या बाजूच्या एका गावातून निरोप आला, तुमच्या आजाचा पाळणा आमच्याकडे आहे. मी रविवारी गेले. बिजाचं लाकूड, चारही कोपरे खुंटीचे, दांड्या हाताने घासून गुळगुळीत झालेल्या. बासष्टावी नोंद म्हणून वही उघडली आणि सालाशी अडले. पाळण्यात दीड महिन्याचं बाळ झोपलं होतं. त्याची आजी म्हणाली, "आत्ता उलटा नाही करता येत जी. दिवाळीनंतर या."